कागदावर ५.९, रस्त्यावर ७.४ : कूपेच्या पिकअपकडून आपण नेमकं काय मागतो?

कर्वेरोडकर (धागाकर्ता) | एप्रिल, शनिवार रात्री

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचतोय, लिहायची वेळ पहिलीच.

फेब्रुवारीत, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, मी दोन दारांची कूपे घेतली. पाच वर्षं जुनी, ३१ हजार किलोमीटर चाललेली, पहिले मालक मुंबईचे. दोन लिटर टर्बो पेट्रोल (टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा), अडीचशेच्या आसपास पीएस म्हणजे अश्वशक्ती, आठ गिअरचा ऑटोमॅटिक, ताकद मागच्या चाकांना. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की चर्चा ब्रँडवर जाते आणि माझा प्रश्न बाजूला राहतो.

या गाडीचं वेड आजचं नाही. कॉलेजात असताना मामाची आरएक्स १०० मोटरसायकल आठवड्यातून एकदा मिळायची. लॉ कॉलेज रोडवर दुसऱ्या गिअरमध्ये ती जी उचलायची, ते पोटात आलेलं रिकामपण अजून आठवतं. नंतर नोकरी, घराचे हप्ते, मुलीचं शिक्षण. गाड्या आल्या, पण सगळ्या घरासाठी घेतलेल्या. ही पहिली स्वतःसाठी घेतली. कागदावर शून्य ते शंभर, म्हणजे उभ्या जागेवरून ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठायला, ५.९ सेकंद. वापरलेल्या गाड्यांच्या त्या विक्रेत्यानेही हाच आकडा तीनदा ऐकवला.

मागच्या रविवारी दुपारी हिंजवडी फेज ३ च्या पुढच्या मोकळ्या रस्त्यावर फोनवरच्या ॲपने मोजलं. ७.४, ७.२, ७.६. सोबत मेहुणा आणि त्याचा मित्र होता.

दीड सेकंद म्हणजे थोडाथोडका फरक नाही. आणि आकड्यापेक्षा मनाला जास्त लागलंय ते वेगळंच. चांदणी चौकातून बावधनकडे उतरताना पाय दिला की गाडी क्षणभर विचार करते आणि मग पळते. आरएक्सला तो विचार करावा लागत नव्हता.

ज्यांच्याकडे अशा गाड्या आहेत त्यांनी कृपया सांगावं. तुमच्या गाडीने तुमची अपेक्षा पुरी केली का? की माझ्याच गाडीत काही बिघडलंय?

---

पेठेतला पेट्रोलवाला

अभिनंदन! सत्तेचाळिसाव्या वर्षी स्वतःसाठी गाडी घेतलीत, याचाच मला जास्त आनंद झाला.

काही गोष्टी आधी सांगा. एसी चालू होता का? मोड कुठला होता? पेट्रोल कुठलं भरता? सुटताना ब्रेकवर पाय ठेवून रेस दिली होती, की नुसता ॲक्सिलरेटर दाबला? आणि फोन कुठे ठेवला होता?

---

व्यवस्थापक

धागा चांगला आहे आणि चालू राहील, पण एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो. सार्वजनिक रस्त्यावर अशी चाचणी घेणं या संकेतस्थळाला मान्य नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ धोकादायक चालवण्याबद्दल आहे आणि १८९ रस्त्यावरच्या शर्यती व वेगाच्या चाचण्यांबद्दल. दोन्ही इथे लागू होऊ शकतात.

कायदा बाजूला ठेवला तरी आपण पुण्यात राहतो. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरला दोन तरुण इंजिनिअर एका वेगवान गाडीखाली गेले. त्या रात्रीनंतर या शहरात 'रस्ता मोकळा होता' हे कारण कुणी कुणाला देऊ नये, असं मला मनापासून वाटतं. फेज ३ ला रविवारीही सायकलवाले असतात, सुरक्षारक्षक पाळी बदलून पायी जात असतात. यापुढे मोजायचं असेल तर बंदिस्त जागेत मोजा.

---

कर्वेरोडकर

व्यवस्थापक, तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. मुलगी रोज त्याच भागातून कामाला जाते. हा विचार त्या दिवशीच यायला हवा होता. पुन्हा रस्त्यावर मोजणार नाही.

पेट्रोलवाले : एसी चालू होता, बाहेर ३८ अंश होतं. मोड 'कम्फर्ट'. पेट्रोल जो पंप दिसेल तिथलं साधं. ब्रेक वगैरे काही नाही, सरळ पाय दाबला. फोन कपहोल्डरमध्ये.

---

टेकडीखालचा

मी वाहनांच्या चाचणीत २८ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. थोडं सविस्तर लिहितो, कारण याच प्रश्नावर माझ्याशी वाद घालणारे निदान पन्नास मालक मला भेटले असतील.

पुण्यात एक गंमतीची गोष्ट कायम दिसते. वेताळ टेकडीवर १९६६ पासून एआरएआय ही वाहनं तपासणारी संस्था उभी आहे, आणि 'एआरएआयचं मायलेज' हा शब्द आपल्याकडे भाजीवाल्यालाही माहीत आहे. ते मायलेज रस्त्यावर मिळत नाही, चार-पाच किलोमीटर वजा करायचे, हेही सगळे जाणतात. चाचणी रोलरवर होते, ठरलेल्या चक्रानुसार होते, तिथे खड्डा नाही आणि सिग्नलही नाही, हे लोकांनी समजून घेतलंय. पण शून्य ते शंभरचा आकडा आला की हीच समंजस माणसं तो जसाच्या तसा मागतात. खरं तर मायलेजच्या आकड्यामागे निदान सरकारमान्य चाचणी आहे. पिकअपचा आकडा कंपनी स्वतः मोजते आणि स्वतः जाहीर करते.

तो आकडा खोटा नसतो. उलट बऱ्याच युरोपीय कंपन्या हात राखून आकडा देतात. पण तो गाठायच्या अटी असतात : एकटा चालक, चांगले टायर, कोरडा आणि सपाट रस्ता, थंड हवा, सांगितलेलं पेट्रोल, आणि सुटण्याची नेमकी पद्धत. दोन्ही दिशांना पळवून सरासरी काढतात, म्हणजे चढ आणि वारा एकमेकांना खाऊन टाकतात.

आता तुमचा हिशोब करू. तुमची गाडी चालकासकट १५०० किलो धरतो. ५.९ सेकंदांत शंभर म्हणजे सरासरी त्वरण ४.७ मीटर प्रति सेकंद वर्ग, गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास निम्मं. शंभरच्या वेगाला त्या गाडीत साधारण ५८० किलोज्यूल ऊर्जा असते. ती ५.९ सेकंदांत द्यायची तर सरासरी ९८ किलोवॅट लागतात, म्हणजे सुमारे १३३ पीएस. तुमच्याकडे अडीचशे आहेत. बाकीचे कुठे गेले? इंजिन सगळा वेळ कमाल ताकदीच्या आरपीएमवर नसतं, पहिल्या सेकंदात टर्बो भरलेला नसतो, गिअर बदलताना थोडी जातात, टायर घसरतात, हवा अडवते. म्हणून नुसता पीएसचा आकडा बघून पिकअपचा अंदाज बांधू नये.

तुमच्यासोबत दोन पुरुष होते. दीडशे किलो धरू. वजन दहा टक्के वाढलं, म्हणजे वेळही जवळपास दहा टक्के वाढला. सहा दशांश सेकंद तिथेच गेले. टर्बो गाडीला उभ्या जागेवरून नुसता पाय दिला तर चार-पाच दशांश सहज जातात. एक टक्का चढ असेल तर आणखी एक दशांश, आणि असा चढ डोळ्यांना दिसतही नाही. शिवाय फोनचा जीपीएस बहुधा सेकंदाला एकदाच जागा नोंदवतो. सहा-सात सेकंदांची गोष्ट त्याने मोजणं म्हणजे किराणा दुकानाच्या काट्यावर सोनं तोलण्यासारखं आहे. सेकंदाला दहा किंवा वीस नोंदी घेणारा लॉगर वापरा.

आणि काट्यावर बघून, स्टॉपवॉचने तर मुळीच मोजू नका. खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवायची स्पीडोमीटरला परवानगी नाही, जास्त दाखवला तर चालतो. काट्यावर शंभर दिसतात तेव्हा गाडी पुष्कळदा ९४-९५ वर असते. म्हणजे वेळ खोटा चांगला येतो.

एवढं सगळं मांडूनही माझ्या हिशोबाने तुमचे चार दशांश शिल्लक राहतात. त्यातला काही भाग उष्णतेचा. उरलेला मला खटकतो. गाडी एकदा दाखवून घ्या.

---

पेठेतला पेट्रोलवाला

काका, प्रतिसाद साठवून ठेवला.

एक भर घालतो. यूट्यूबवर अमेरिकन आकडे बघून आपल्याकडे पुष्कळ गोंधळ होतो. त्यांचं मोजमाप शून्य ते साठ मैल, म्हणजे ९६.६ किलोमीटर. त्यात बरेच जण पहिला एक फूट मोजतच नाहीत. गाडी फूटभर पुढे सरकली की घड्याळ सुरू होतं. ड्रॅग शर्यतीतून आलेली ती पद्धत आहे. तिने दोन-तीन दशांश कमी दिसतात. तो आकडा आणि आपला शून्य ते शंभर एका तागडीत टाकू नयेत.

पेट्रोलबद्दल : अशा इंजिनाला निदान ९५ ऑक्टेन द्या. झाकणाच्या आत लिहिलेलं असतं, एकदा वाचा. कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर नॉक झालं, म्हणजे पेट्रोल वेळेआधीच पेटलं, की सेन्सर ते ओळखतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, ठिणगी उशिरा पाडतो. इंजिन वाचतं, दम कमी होतो. उन्हाळ्यात तर जास्तच. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये १०० ऑक्टेनचं पेट्रोल आणलं तेव्हा पहिल्या शहरांत पुणे होतं, पण रोज ते भरायची गरज नाही.

---

अनुपमा, औंध

माझी गाडी बीएमडब्ल्यूची २२० आय ग्रान कूपे, चार दारांची. २०२२ पासून. १९० पीएस, २८० एनएम टॉर्क (चाकं फिरवणारा जोर), कंपनीचा आकडा ७.१.

मी कधी मोजलं नाही, पण मला ती वेगवान वाटते, आणि त्यामागे कारण आहे. आधी माझ्याकडे १.२ लिटरची छोटी हॅचबॅक होती. एक्स्प्रेसवेला कामशेतच्या पुढे ट्रक ओलांडायचा तर तिसरा गिअर टाकून, एसी बंद करून, मनाची तयारी करावी लागायची. आता पायाचा अंगठा दाबला की ट्रक मागे. माझी अपेक्षा त्या हॅचबॅकने घडवली होती आणि या गाडीने ती ओलांडली.

कर्वेरोडकर, तुमची अपेक्षा आरएक्स १०० ने घडवली आहे. ती मोटरसायकल शंभर किलोच्या आसपास होती, वारा थेट छातीवर, टू-स्ट्रोकचा आवाज कानात, हँडल हातात थरथरणारं. तुमच्या कूपेत दुहेरी काचा असतील, मऊ सीट असेल. साठचा वेग तिथे जेवढा अंगावर येत होता तेवढा इथे शंभरचाही येणार नाही. याला गाडी हळू आहे असं म्हणता येईल का? मला नाही वाटत.

बाणेरच्या काँक्रीटवर पहिला पाऊस पडला की मात्र माझी पुढची चाकं फिरतात आणि ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लुकलुकतो. जोर पुढच्या चाकांना आहे, आणि गाडी सुटताना वजन मागे जातं, त्यामुळे पकड नेमकी हवी तिथेच कमी होते. मी जून ते सप्टेंबर सिग्नलवरून हळूच सुटते.

---

दोनच दारं

अनुपमाताई, गाडी सुंदर आहे, पण चार दारांच्या गाडीला कूपे म्हणायला माझं मन तयार होत नाही. कूपे हा फ्रेंच शब्द, अर्थ 'कापलेली'. घोडागाडीचा मागचा भाग कापून ती आखूड केली, त्यावरून आला. मागे दोन दारं ठेवली तर कापलं काय?

मूळ विषयावर : मी एका मित्राची पोर्शे केमन चालवली आहे, ३०० पीएसची. पाच सेकंदांच्या आसपास. त्यातही मला भावलं ते वळण. ताम्हिणीत मुळशीच्या पुढे तिने जे केलं त्यात शून्य ते शंभरचा काहीच संबंध नव्हता. कूपे घेणाऱ्याने पिकअपवरून समाधान ठरवू नये, हे माझं ठाम मत.

---

कर्वेरोडकर

दोनच दारं, वळणांबद्दल मी पूर्ण खूश आहे. सिंहगडाच्या खाली खडकवासल्याच्या काठाने सकाळी सहाला जातो तेव्हा स्टिअरिंग हातात घट्ट बसल्यासारखं वाटतं. त्यासाठी मी गाडीला दहापैकी दहा देईन.

पण पिकअप महत्त्वाचा नाही, हे मला पटत नाही. जाहिरातीत कंपनीने तोच आकडा सर्वांत मोठ्या अक्षरांत छापला. मी त्यासाठी पैसे मोजले. तो मागायचा हक्क मालकाला आहे.

---

चाकणकर ३७

या बाबतीत मी कर्वेरोडकरांच्या बाजूने.

माझ्याकडे आधी पोलो जीटी टीएसआय होती, आमच्याच चाकणला बनलेली. १०५ पीएस, कागदावर ९.७ सेकंद. सात वर्षांत एकदाही ती कमी वाटली नाही. आता महिंद्राची बीई ६ आहे, तीही चाकणचीच. मोठ्या बॅटरीवाली, २१० किलोवॅट, कागदावर ६.७. म्हणजे कूपेच्या आकाराची एसयूव्ही तुमच्या खऱ्या कूपेच्या मोजलेल्या आकड्याला मागे टाकते. दोन टनांच्या आसपासचं धूड असून!

पण माझ्या आनंदाचं कारण ६.७ हे नाही. पाय दिला आणि गाडी निघाली, यात मध्ये काहीच नाही. टर्बो भरणं नाही, गिअर खाली येणं नाही. मोटरला शून्यापासून पूर्ण टॉर्क असतो. भोसरी ते नाशिक फाटा या रस्त्यावर शून्य ते शंभर कुणाला कधी करायला मिळालंय? तिथे तीस ते साठ लागतं, चाळीस ते ऐंशी लागतं. कर्वेरोडकर ज्याला 'गाडी विचार करते' म्हणतात, ते हेच.

---

टेकडीखालचा

चाकणकरांनी नेमक्या जागी बोट ठेवलं.

उभ्या जागेवरचा आकडा हा वर्षातून एखाद्या वेळी लागणारा आकडा आहे. मालक रोज जगतो तो चाळीस ते ऐंशीमध्ये. ऑटोमॅटिक टर्बो गाडी कम्फर्ट मोडमध्ये, सहाव्या गिअरमध्ये, १४००-१५०० आरपीएमला चालली असते, कारण त्याने पेट्रोल वाचतं. तुम्ही पाय दाबता. आधी ईसीयू ठरवतो की हा माणूस खरंच घाईत आहे का. मग गिअरबॉक्स सहावरून तिसऱ्यावर येतो. मग एक्झॉस्टचा जोर वाढतो, टर्बो फिरतो, दाब तयार होतो. या सगळ्याला पाऊण ते एक सेकंद. ज्या गाडीचा शून्य ते शंभर उत्तम आहे तिचाही हा उशीर वाईट असू शकतो, कारण शून्य ते शंभरच्या चाचणीत गाडी आधीच तयार होऊन उभी असते.

माझं म्हणणं असं की जाहिरातीत चाळीस ते ऐंशीचा आकडा, साध्या मोडमधला, पाय दाबल्या क्षणापासून मोजलेला, छापायला हवा. नोकरीत असताना हे मी वरिष्ठांकडेही मांडलं होतं.

---

व्ही-८ वाला, कोरेगाव पार्क

मस्टँग जीटी, २०१८ ची. ५ लिटर व्ही-८, भारतात आली ती ४०१ पीएस, ५१५ एनएम, सहा गिअर ऑटोमॅटिक.

टर्बो नसलेल्या इंजिनाबद्दल पुण्यात एक गोष्ट कुणी बोलत नाही, म्हणून लिहितो. आपलं शहर समुद्रसपाटीपासून ५६० मीटरच्या आसपास आहे. हवेचा दाब सहा-साडेसहा टक्के कमी. माझं इंजिन जेवढी हवा ओढतं तेवढीच ताकद देतं, म्हणजे ४०१ मधले पंचवीसेक पीएस घाट चढतानाच गेले. त्यात एप्रिलचं ऊन. १५ अंशांच्या हवेपेक्षा ३८ अंशांची हवा आणखी सातेक टक्के विरळ. डिसेंबरात पहाटे अलिबागला जातो तेव्हा तीच गाडी वेगळी वाटते, आणि तो मनाचा खेळ नाही.

टर्बोवाल्यांना उंचीचा एवढा त्रास नाही, टर्बो दाब भरून काढतो. त्यांना उन्हाचा आहे. तीन रन लागोपाठ मारले की इंटरकूलर, म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करणारा भाग, तापतो आणि तिसरा रन हळू येतो. तुमचे आकडेच बघा, तिसरा ७.६.

अपेक्षेबद्दल विचाराल तर मी गाडी आवाजासाठी घेतली. सकाळी सोसायटीच्या तळघरात ती सुरू होते तो क्षण मला पुरतो. तरीही अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती भरायच्या, तिथे एकदा पाव मैल पूर्ण ताकदीने पळवायला मिळावी ही इच्छा मनात आहे.

---

नाना पेठ गॅरेज

मी मेकॅनिक आहे, लिहायची सवय नाही. कामाचं सांगतो.

पाच वर्षांची टर्बो गाडी, पिकअप कमी, इंजिनचा दिवा लागलेला नाही. अशा वेळी आधी टर्बोपासून थ्रॉटलपर्यंतचे पाईप बघायचे. रबराचा पाईप उन्हाने कडक होतो, क्लॅम्प सैल पडतो, दाब गळतो. गळती बारीक असेल तर ईसीयू टर्बोला जास्त फिरवून भरून काढतो आणि दिवा लागत नाही. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. स्मोक टेस्ट करून घ्या, धूर कुठून येतो ते लगेच कळतं. पाईपला तेलाचा ओशट डाग असेल तर तिथेच गळती.

एअर फिल्टर काढून बघा. पुण्याच्या मेट्रोच्या आणि काँक्रीटच्या कामांत दोन वर्षं फिरलेली गाडी असेल तर फिल्टर राखाडी झालेला असतो. प्लग बघा.

टायरवर चार आकडी नंबर असतो, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. नक्षी शिल्लक असली तरी पाच-सहा वर्षांचं रबर कडक होतं, पकड जाते.

एवढं झाल्याशिवाय रिमॅप, म्हणजे ताकद वाढवायला ईसीयूचं प्रोग्रॅमिंग बदलणं, करायला जाऊ नका. गळक्या पाईपवर रिमॅप केला की टर्बो जातो.

---

अनुपमा, औंध

नाना पेठ गॅरेज, अजून लिहा. इथे तुमच्यासारख्यांची गरज आहे.

---

कर्वेरोडकर | जून, मंगळवार

उशीर झाला, माफ करा. काय काय झालं ते सांगतो.

आधी एका सर्व्हिस सेंटरला नेली. त्यांनी स्कॅनर लावला, काही निघालं नाही, 'या गाडीचा स्वभावच असा आहे' म्हणून परत दिली. खरं सांगतो, त्या दिवशी गाडी विकायचा विचार मनात आला होता. बायको म्हणाली, एवढी वर्षं थांबलास, आणखी एक गॅरेज बघ.

मग ओळखीतून वारज्याच्या एका छोट्या गॅरेजात स्मोक टेस्ट केली. बॉनेट उघडं, दुपारची वेळ, आणि इंजिनच्या डाव्या बाजूने धुराची अगरबत्तीएवढी बारीक रेघ वर आली. त्या मुलाने बोट लावून दाखवलं. इंटरकूलरकडून येणाऱ्या पाईपच्या जोडावर, क्लॅम्पच्या अगदी कडेला चीर. पाईप आणि क्लॅम्प मिळून खर्च पेट्रोलच्या दोन टाक्यांएवढाही नाही. मागचे दोन टायर सहा वर्षांचे निघाले, तेही बदलले. आता ९५ ऑक्टेन भरतो.

बाहेर पडलो, वारजे पुलावर चढताना पाय दिला. जास्त काही लिहीत नाही. मेहुण्याला फोन करून सांगितलं, एवढंच.

नाना पेठ गॅरेज, तुम्ही न बघता गाडीचं दुखणं ओळखलंत. मनापासून आभार.

---

टेकडीखालचा

माझे उरलेले चार दशांश सापडले तर! मोजल्याशिवाय राहू नका. पण बंदिस्त जागेत.

---

चाकणकर ३७

आणि चाळीस ते ऐंशी सुद्धा मोजा. दोन्ही मोडमध्ये.

---

कर्वेरोडकर | नोव्हेंबर, रविवार संध्याकाळ

धागा वर काढतोय, कारण आज मोजलं.

एका क्लबने खासगी धावपट्टी दिवसभरासाठी भाड्याने घेतली होती. हेल्मेट सक्तीचं, रुग्णवाहिका उभी, एका वेळी एकच गाडी. सकाळी सातची थंडी, गवतावर दव, पट्टी मात्र कोरडी. टेकडीखालचे काका स्वतः आले होते. थर्मासमध्ये चहा, हातात वही. त्यांनी आपला जुना लॉगर डॅशबोर्डवर चिकटवून दिला आणि एकट्याने बसायला सांगितलं.

शून्य ते शंभर, स्पोर्ट मोड, ब्रेकवर पाय ठेवून सुटलो : ६.२ आणि ६.१ एका दिशेने, ६.३ उलट दिशेने. मध्ये दहा-दहा मिनिटं गाडी थंड होऊ दिली. काका म्हणाले, पहिला फूट वजा केला तर ५.९ येतात. पण तो वजा करून नको, मला ६.२ पुरे आहेत.

मग चाळीस ते ऐंशी, पाय दाबल्यापासून. कम्फर्टमध्ये ३.७. स्पोर्टमध्ये ३.०. गाडी तीच, इंजिन तेच, नुसतं एक बटण. सात दशांशांचा फरक, आणि तो सगळा सुरुवातीच्या त्या 'विचार करण्यात' गेलेला. एप्रिलमध्ये मी ज्याच्यावर रुसलो होतो त्याचा मोठा भाग इथे होता. मी शून्य ते शंभरला दोष देत होतो, आणि चांदणी चौकातला माझा प्रश्न वेगळाच होता. आता कोथरूडच्या बाहेर पडलो की मोड बदलतो.

उरलेला ०.३ चा फरक मला त्रास देत नाही. पाच वर्षांची गाडी, धावपट्टीही समुद्रसपाटीला नव्हती, आणि चालवणारा चाचणीतला तज्ज्ञ नाही.

शेवटच्या रनला काकांना शेजारी बसवलं. आकडा ६.५ आला, ७० किलोंचा हिशोब बरोबर जुळला. सुटताना त्यांची वही मांडीवरून मागच्या सीटवर गेली. थांबल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या मोजल्या, मालकाच्या शेजारी बसून आज पहिल्यांदा."

---

अनुपमा, औंध

आणि आरएक्स १०० ची आठवण? पोटातलं ते रिकामपण आलं का?

---

कर्वेरोडकर

आलं. पहिल्या रनला, दुसऱ्या गिअरमध्ये. पण आवाज तो नव्हता. मामाची आरएक्स अजून साताऱ्याला गोठ्यात उभी आहे, टाकी गंजलेली. परवा मामाला फोन केला होता.

---

व्ही-८ वाला, कोरेगाव पार्क

पुढच्या वेळी धावपट्टी मिळाली तर मला कळवा. प्रवेशाचं काय असतं? माझ्याकडे हेल्मेट आहे, अग्निशामक सिलिंडर लागतो का?

---

कर्वेरोडकर

व्यक्तिगत निरोप केलाय. सिलिंडर लागतो, एक किलोचा चालतो, आणि टो हूक आधीच लावून आणा.

---

नाना पेठ गॅरेज

आरएक्सची टाकी फेकू नका. आतून साफ करून कोटिंग करता येतं. कार्ब्युरेटर आणि क्रँकचे सील मात्र नवीन घ्या. घेऊन या.